सैतानाची नखं आणि सत्तेचाळीस इंजिनिअर

मागच्या भागाच्या शेवटी मी सहज बोलून गेलो होतो, की जुन्या जपानी स्पोर्ट्स कारची इंजिनं मरता मरत नाहीत. त्यावर एका श्रोत्याने मला चांगलंच धरलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "दादा, सुप्राचं ठीक आहे, पण माझदाची आरएक्स-७ पण जुनी जपानी स्पोर्ट्स कारच आहे. तिचं इंजिन तर लोक चेष्टेचा विषय करतात. मग तुमचं वाक्य खरं कसं?"

बरोबर आहे त्याचं. वाक्य ढोबळ होतं. म्हणून आजचा भाग. सुरुवात सुप्रापासून करतो, पण तिथे फार थांबणार नाही, कारण मला खरी गोष्ट माझदाची सांगायची आहे.

सुप्राचं २जेझेड-जीटीई हे इंजिन तुम्ही रील्समध्ये शंभर वेळा पाहिलं असेल. तीन लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर, दोन टर्बो. बोअर ८६ मिलिमीटर, स्ट्रोकही ८६. ब्लॉक बिडाचा. आज बहुतेक कंपन्या वजन वाचवायला ॲल्युमिनियमचा ब्लॉक ओततात, टोयोटाने तेव्हा बीड वापरलं. जड, पण वाकत नाही. सिलिंडरभोवती पाणी खेळायची जी जागा असते, ती वरच्या बाजूने जवळजवळ बंद ठेवली, म्हणजे आत दाब वाढला तरी सिलिंडरचं तोंड हलायला जागा नाही. क्रँकला सात ठिकाणी आधार. पिस्टनला खालून तेलाचे फवारे. आणि एका ओळीतल्या सहा सिलिंडरची एक जन्मजात गंमत असते, त्यांचे धक्के एकमेकांना जवळपास पूर्ण काटतात. त्यामुळे इंजिन स्वतःच स्वतःला हादरवून खिळखिळं करत नाही.

एवढं सगळं करून कागदावर ताकद किती, तर जपानमध्ये २८० पीएस. का? कारण १९८९ पासून जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की याच्या वर कोणी जायचं नाही. कायदा नव्हता, समजूत होती, आणि ती २००४ पर्यंत चालली. त्यामुळे झालं असं, की इंजिनिअर भरपूर भक्कम इंजिन बनवायचे आणि कागदावर आकडा तोच. पुढे लोकांनी मोठे टर्बो लावले तेव्हा कळलं, आत किती जागा शिल्लक ठेवलेली होती.

निसानच्या स्कायलाइन जीटी-आरचं आरबी२६डीईटीटी याचाच चुलतभाऊ. पण ते जन्मालाच रेससाठी आलं. २,५६८ सीसी हा आकडा विचित्र वाटतो ना? ग्रुप ए रेसिंगचा नियम होता की टर्बो असेल तर सीसीला १.७ ने गुणायचं. गुणून बघा, ४,३६६ येतं, म्हणजे साडेचार हजारच्या गटात बरोबर बसतं. इंजिनाचा आकार नियमाच्या मापाने शिवला. १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत २९ शर्यती झाल्या आणि २९ च्या २९ जीटी-आरने जिंकल्या. पण ऐका, "बुलेटप्रूफ" तेही नव्हतं. सुरुवातीच्या इंजिनांत ऑइल पंपाला फिरवणारा क्रँकवरचा भाग अरुंद होता. सारखं लिमिटरपर्यंत रेटलं की क्रँकच्या कंपनांनी पंपाचा गिअर फुटायचा, तेलाचा दाब शून्य, आणि पुढचं सांगायला नको. नंतर निसानने तो भाग रुंद केला.

तर ही झाली भक्कमपणाची सोपी वाट. धातू जास्त घाला, ताकद कमी काढा. मी हे कमी लेखत नाही, पण त्यात गोष्ट नाही. गोष्ट तिथे आहे जिथे इंजिन मुळातच टिकणारं नव्हतं, आणि ते टिकवल्याशिवाय कंपनीही टिकणार नव्हती.

चला हिरोशिमाला.

माझदाचं जुनं नाव तोयो कोग्यो. १९२० मध्ये कॉर्क बनवणारी कंपनी म्हणून सुरू झाली, १९३१ पासून तीनचाकी मालवाहू गाड्या करू लागली. ६ ऑगस्ट १९४५ ला शहरावर अणुबॉम्ब पडला. कारखाना शहराच्या पूर्वेला होता, मध्ये हिजियामा नावाची टेकडी. तिच्या आडोशामुळे कारखाना बऱ्यापैकी वाचला, आणि नंतर काही काळ प्रांताची सरकारी कार्यालयं त्याच्याच आवारात चालली. याच कारखान्यात १९४६ मध्ये केनइची यामामोतो नावाचा तरुण कामाला लागला. टोकियोच्या विद्यापीठातून इंजिनिअर झालेला, पण हातात काम आलं तीनचाकीचे गिअरबॉक्स जुळवायचं. त्या काळात मिळेल ते काम घ्यायचं असायचं.

आता १९६० कडे या. जपानचं उद्योग मंत्रालय म्हणत होतं, देशात गाड्या बनवणाऱ्या कंपन्या फार झाल्यात, एकत्र व्हा. बाहेरच्या कंपन्यांशी टक्कर द्यायची तर दोन-तीन मोठ्या हव्यात. तोयो कोग्यो म्हणजे तीनचाकी आणि छोट्या गाड्यांवाली प्रादेशिक कंपनी. कोणाच्या तरी पोटात जाणार हे दिसत होतं. अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी विचार केला, आपल्याकडे असं काहीतरी हवं जे दुसऱ्या कोणाकडेच नाही.

ते सापडलं जर्मनीत. फेलिक्स वांकेल आणि एनएसयू ही कंपनी मिळून पिस्टनशिवायचं इंजिन बनवत होते. रोटरी. तोयो कोग्योने एनएसयूशी करार केला, १९६१ मध्ये सरकारची परवानगीही मिळाली.

हे इंजिन चालतं कसं, ते एकदा डोळ्यांसमोर आणू. भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग घ्या, जरा जाडजूड, कमरेत किंचित आत गेलेली. ती उभी कापली तर आतली जी पोकळी दिसेल तसं या इंजिनाचं घर असतं. त्यात एक त्रिकोण फिरतो, बाजू फुगलेला. त्रिकोणाची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकून असतात. त्यामुळे भिंत आणि त्रिकोण यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात, आणि त्रिकोण फिरतो तसे हे कप्पे लहान-मोठे होतात. मोठा होताना हवा-पेट्रोल आत ओढतो, लहान होताना दाबतो, ठिणगी पडते, स्फोट ढकलतो, धूर बाहेर. व्हॉल्व नाहीत, कॅमशाफ्ट नाही, वर-खाली आपटणारं काही नाही. रोटरचा एक फेरा होतो तोवर मधला शाफ्ट तीन फेरे मारतो. इतकं लहान, इतकं हलकं, इतकं गुळगुळीत, की ज्यांनी पहिल्यांदा पाहिलं त्यांना पिस्टनचं इंजिन म्हणजे बैलगाडी वाटली असेल.

अडचण त्या तीन टोकांत होती.

पिस्टनला रिंग असतात. गोल सिलिंडर, गोल रिंग, अख्खा वेळ एकाच कोनात घासणार, खालून तेल मिळणार. रोटरीमध्ये रिंगचं काम करते एक पट्टी, तिला एपेक्स सील म्हणतात. ती त्रिकोणाच्या टोकावरच्या खाचेत बसते आणि भिंतीला फक्त एका रेषेत टेकते. वर तिचा भिंतीशी असलेला कोन क्षणाक्षणाला बदलतो. कधी पुढे झुकलेली, कधी सरळ, कधी मागे. एका बाजूला गरम वायू, दुसऱ्या बाजूला गार हवा. आणि ती सुटली की कॉम्प्रेशन संपलं.

एनएसयूकडून आलेलं इंजिन हिरोशिमात चालवून पाहिलं. काही काळ सुरेख चाललं, मग ताकद घसरली. इंजिन खोललं. घराच्या आतल्या चकचकीत भिंतीवर आडव्या लाटा पडल्या होत्या, एकीला लागून एक, पत्र्याच्या छपरासारख्या. कोणीतरी नखांनी ओरबाडल्यासारखं. इंजिनिअरांनी त्याला नाव दिलं, सैतानाच्या नखांचे ओरखडे.

एवढंच नव्हतं. एका रोटरचं इंजिन कमी वेगाला असं थरथरायचं की त्याला त्यांनी मसाज करायच्या विजेच्या यंत्राचं नाव दिलं. तेल आत गळून पांढऱ्या धुराचे लोट निघायचे, त्याला नाव दिलं कचीकची-यामा. ही जपानी लहान मुलांची गोष्ट आहे, ज्यात ससा एका लबाड प्राण्याच्या पाठीवरच्या मोळीला आग लावतो. ज्या टीमला आपल्या संकटांना अशी नावं सुचतात ती टीम मला फार आवडते.

एप्रिल १९६३ मध्ये रोटरीसाठी वेगळा विभाग उघडला. प्रमुख यामामोतो. माणसं सत्तेचाळीस. जपानमध्ये हा आकडा साधा नाही. मालकाच्या अपमानाचा सूड घेण्यासाठी सगळं पणाला लावणारे सत्तेचाळीस रोनिन, ही तिथली घराघरातली कथा. यामामोतोंच्या माणसांना तेच नाव चिकटलं. त्या कथेत शेवटी सगळ्यांना मरावं लागतं, हेही त्यांना माहीत असणारच.

आता ओरखडे का पडत होते? पहिला अंदाज कोणीही करेल तोच होता: पट्टी मऊ आहे किंवा भिंत मऊ आहे. म्हणून वेगवेगळे धातू, वेगवेगळे मुलामे. सांगतात की गाई-घोड्यांची हाडंसुद्धा वापरून पाहिली. काही उपयोग नाही. कारण प्रश्न कडकपणाचा नव्हताच.

शाळेत फळ्यावर तुटक रेघ काढायची युक्ती आठवते? खडू एका विशिष्ट कोनात धरून ढकलला की तो टण् टण् टण् उड्या मारत जातो आणि ठिपक्यांची रेघ उमटते. तिथे खडू कडक आहे की मऊ याने काही ठरत नाही. खडू थरथरतो म्हणून ठिपके पडतात. एपेक्स सील नेमकं हेच करत होती. प्रत्येक वस्तूचा थरथरण्याचा स्वतःचा एक वेग असतो. पट्टी भिंतीवरून घासत जाताना तो वेग जुळून यायचा, पट्टी नाचायला लागायची, आणि प्रत्येक नाचाला भिंतीवर एक खूण.

हे कळल्यावर उपाय चमत्कारिक निघाला. त्यांनी पट्टीला टोकाजवळ आडवी-उभी बारीक भोकं पाडली. म्हणजे उलट पट्टी पोकळ केली! पण त्यामुळे तिचा थरथरण्याचा वेग बदलला आणि ओरखडे गायब झाले. मला या सगळ्या इतिहासातला हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. झीज थांबवायला वस्तू मजबूत करायची, हा आपला सगळ्यांचा पहिला विचार. इथे वस्तूचा सूर बदलला.

अर्थात भोकांची पट्टी हजारोंनी बनवणं सोपं नव्हतं. मग निप्पॉन कार्बन या कंपनीबरोबर त्यांनी दुसरी पट्टी केली, कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली. कार्बन स्वतःच थोडं वंगणाचं काम करतं, ॲल्युमिनियम त्याला तुटू देत नाही. समोर भिंतीला कडक क्रोमचा मुलामा. थरथर कमी करायला दोन रोटर. प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग, कारण तो स्फोटाचा कप्पा लांबट आणि चपटा असतो, एका ठिणगीने सगळं नीट जळत नाही. धुरासाठी तेलाचे सील पुन्हा नव्याने केले.

१९६४ च्या टोकियो मोटर शोला कॉस्मो स्पोर्टचा नमुना लोकांनी पाहिला. विक्रीला मात्र ती आली ३० मे १९६७ ला. मधल्या काळात टेस्ट गाड्या देशभरातल्या डीलर्सकडे चालवायला दिल्या होत्या. चमक दाखवून माल खपवायचा मोह त्यांनी आवरला, असं मी म्हणेन. १०ए इंजिन, ४९१ सीसीचे दोन रोटर, एकूण ९८२ सीसी आणि ११० पीएस. त्या काळात हजार सीसीच्या आत एवढी ताकद म्हणजे ऐकणाऱ्याला थाप वाटावी.

त्याच वर्षी एनएसयूनेही आपली आरओ८० आणली. गाडी अप्रतिम, युरोपात १९६८ ची कार ऑफ द इयर झाली. पण सील झिजायच्या, इंजिनं वॉरंटीत परत यायची. असं सांगतात की आरओ८० चे मालक रस्त्यात भेटले की बोटं दाखवून विचारायचे, तुझं कितवं इंजिन? १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या ताब्यात गेली आणि ऑटो युनियनमध्ये विलीन झाली. मूळ शोध ज्यांचा, त्यांची कंपनी संपली. शिष्याची वाचली.

पण माझदावर तरी कोणी का विश्वास ठेवावा? म्हणून ऑगस्ट १९६८ मध्ये त्यांनी दोन कॉस्मो जर्मनीला पाठवल्या. नुर्बुर्गरिंगवरची मॅरेथॉन दे ला रूत ही शर्यत ८४ तासांची होती. चोवीस नाही, चौऱ्याऐंशी. साडेतीन दिवस आणि साडेतीन रात्री, तेही एनएसयूच्या देशात. ८२ व्या तासाला एक कॉस्मो थांबली. बिघाड मागच्या ॲक्सलचा होता. इंजिनाचा नव्हता! दुसरी एकंदरीत चौथी आली. हरलेल्या गाडीनेसुद्धा कंपनीला हवं ते सिद्ध करून दिलं, अशी उदाहरणं रेसिंगमध्ये फारशी सापडणार नाहीत.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण टिकणं म्हणजे फक्त न झिजणं नाही. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं, पेट्रोल महाग झालं, अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. आणि रोटरी पेट्रोल पिते. तो लांबट-चपटा कप्पा आठवा. त्याला भिंतच भिंत, उष्णता भिंतीत निघून जाते, काही पेट्रोल न जळताच बाहेर. अमेरिकन सरकारने मायलेजचे आकडे जाहीर केले, त्यात माझदाच्या रोटरी गाड्या तळाला. विक्री कोसळली. माझदाने तोवर जवळपास सगळी पत रोटरीवर लावली होती. सुमितोमो बँकेने हात दिला नसता तर कंपनी बुडाली असती. कारखान्यातले कामगार डीलर्सकडे गाड्या विकायला पाठवले गेले. मात्सुदा घराण्याच्या हातून कंपनी गेली, १९७९ मध्ये फोर्डने जवळपास चौथा हिस्सा घेतला.

याच सुमितोमो समूहाचं आणि माझदाचं नाव तुमच्या आमच्या रस्त्यावरही होतं, बरं का. १९८३ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा आणि सुमितोमो यांनी मिळून स्वराज माझदा काढली. तुमच्यातले बरेच जण शाळेत त्याच मिनीबसने गेले असतील. रोटरी नव्हती त्यात, साधं डिझेल होतं. पण ते नाव कुठून चालत आलं ते आता कळलं असेल.

जनरल मोटर्सने रोटरीचा नाद सोडला, बाकीच्यांनीही सोडला. यामामोतोंनी सोडला नाही. इंधनाचा खप ४० टक्क्यांनी सुधारायचा असं लक्ष्य ठेवून त्यांनी काम काढलं, त्याला नाव दिलं फिनिक्स. त्यातूनच १९७८ ची पहिली आरएक्स-७ आली आणि रोटरी जिवंत राहिली. १९८४ मध्ये यामामोतो कंपनीचे अध्यक्ष झाले. तीनचाकीचे गिअरबॉक्स जुळवणारा माणूस!

आता आपल्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे. चेष्टा होते ती मुख्यतः १९९१ नंतरच्या तिसऱ्या आरएक्स-७ ची. तिचं १३बी-आरईडब्ल्यू इंजिन, १,३०८ सीसी, एकामागून एक सुरू होणारे दोन टर्बो. त्या टर्बोंना सांभाळणाऱ्या व्हॅक्युमच्या नळ्यांचं जंजाळ बॉनेटखालच्या भट्टीत वर्षानुवर्षं भाजून निघतं, नळ्या कडक होतात, तडकतात. बूस्ट भलतीच वाढली, इंधन कमी पडलं, एक जोरदार नॉकिंग झालं, की एपेक्स सीलचा तुकडा पडतो. पिस्टनवालं २जेझेड असे दोन-चार फटके पोटात घालतं. रोटरी एकाच फटक्यात जाते. शिवाय रोटरी तेल खाते, आणि ते बिघाड म्हणून नाही, सीलला वंगण मिळावं म्हणून ती मुद्दामच थोडं तेल आत सोडते. ज्या मालकाने डिपस्टिक पाहिलीच नाही त्याचं इंजिन गेलं, आणि नाव इंजिनाचं खराब झालं. गार इंजिन सुरू करून गाडी फक्त दोन फूट हलवली आणि लगेच बंद केली, तर पुढच्या वेळी प्लग पेट्रोलने भिजलेले, सुरूच होत नाही. थोडक्यात, तिचे नखरे आहेत. मित्राला वापरायला देण्यासारखी गाडी नाही ही.

मग टिकाऊ म्हणायची की नाही? त्याच १९९१ सालच्या जून महिन्यात ल माँला काय झालं ते सांगतो, तुम्हीच बघा. माझदाची ७८७बी, गाडी क्रमांक ५५, नारिंगी-हिरवी. चालक फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट आणि बर्ट्रांड गाशो. इंजिन आर२६बी, चार रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, ताकद ७०० पीएसच्या आसपास. प्रत्येक रोटरला तीन प्लग. आणि एपेक्स सील या वेळी सिरॅमिकच्या. अठ्ठावीस वर्षं उलटली होती, तरी झगडा त्याच पट्टीशी चालू होता.

त्या शर्यतीत इंधन मोजून मिळायचं. पेट्रोल पिणारी म्हणून बदनाम झालेली रोटरी त्या मोजक्या इंधनात पळाली, तीही पूर्ण जोराने, कारण बाकीच्यांना इंधन पुरवून वापरावं लागत होतं आणि माझदाला वजनाची सूटही मिळाली होती. पुढे होती मर्सिडीज, कित्येक तास पुढे. शेवटचे तीनेक तास राहिले असताना तिच्या इंजिनाचा एक कंस तुटला, पाण्याचा पंप बंद, इंजिन उकळलं. माझदा पुढे गेली ती गेलीच. ३६२ फेऱ्या, जवळपास ४,९०० किलोमीटर. हर्बर्ट शेवटी इतका थकला होता की गाडीतून उतरल्यावर कोसळला, व्यासपीठावर जाऊच शकला नाही. ल माँ जिंकणारी पहिली जपानी कंपनी माझदा, दुसरी टोयोटा, तीही थेट २०१८ मध्ये.

माणूस कोसळला, इंजिन नाही. शर्यतीनंतर ते खोलून पाहिलं तेव्हा ते उत्तम अवस्थेत होतं, अजून पळवता आलं असतं.

आरएक्स-८ बंद झाली २०१२ मध्ये, आणि रोटरी गेली असं सगळ्यांनी धरलं. २०२३ मध्ये माझदाने ती एमएक्स-३० मध्ये परत आणली, चाकं फिरवायला नाही, बॅटरी चार्ज करायला. एकच रोटर, ८३० सीसी. नवीन काय केलं म्हणून मी वाचायला घेतलं, तर एपेक्स सील आधीपेक्षा जाड केलेली.

तर दादा, माझं मागच्या वेळचं वाक्य मी मागे घेतो. पुढच्या भागात होंडाचं बी१६, व्हीटेक आणि एका लिटरमागे शंभर पीएसचा हट्ट. हेडफोन लावून ऐका, त्यात आवाज महत्त्वाचा आहे.